अकोल्याहून लावून पाहायला आणलेलं ग्राफिक्स कार्ड

लग्नाचं शूटिंग आमचे हे करायचे आणि मिक्सिंग मी. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या खाली आमची खोली होती, तिच्यात एक कॉम्प्युटर. नापिकीची वर्षं होती. लग्नं थांबली नव्हती, पण हळदीपासूनचं शूटिंग आता नुसत्या लग्नापुरतं उरलं होतं. तरी सीडीत नवरा-नवरीवर पडणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या सगळ्यांना हव्याच असायच्या.

मिक्सिंग करताना चित्रावर या पाकळ्या टाकल्या की आमचा कॉम्प्युटर अडखळायचा. नवरीनं हार उचलला की चित्र थिजायचं, आणि हलायचं तेव्हा हार नवऱ्याच्या गळ्यात असायचा. वरच्या क्लासमधले सर म्हणाले, ग्राफिक्स कार्ड जुनं झालं, बदला. यांचा एक मित्र म्हणाला, कार्डाचं काही नाही, रॅम वाढवा. मला दोघांचंही पटायचं.

शेवटी आम्ही अकोल्याला गेलो. तिथं पार्ट विकणारे एक चाचा यांच्या ओळखीचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटी, भारी कार्ड तुमच्या बोर्डावर बसत नाही. बोर्ड बदलला त पॉवर सप्लायबी बदला लागते. मंग नवाच कॉम्प्युटर घ्या."

"आन् नाई बदललं त?" मी विचारलं.

"चालून राहिला ना? चालू द्या."

हा माणूस विकायला बसला आहे की नाही, तेच मला कळेना. मग त्यांनीच आमच्या बोर्डावर बसेल असं एक मधलं कार्ड काढून दिलं. "लावून पाहा. पसंत नाई पडलं त वापस आणा."

घरी येऊन लावलं. पाकळ्या अलगद पडू लागल्या. हे खूश झाले. पण सीडी बनवायला टाकली तर ती पहिल्याइतकीच रखडली. मग जुन्या कार्डावर बनवलेली सीडी आणि ही, दोन्ही टीव्हीवर लावून पाहिल्या. काडीचा फरक नव्हता. अडखळणं आमच्या पडद्यावरच होतं, लोकांच्या घरी ते कधी गेलंच नव्हतं.

"मंग हे कार्ड करून काय राहिलं?" मी विचारलं.

"आपल्यालेच दाखवून राहिलं," हे म्हणाले.

परत द्यायचं ठरलं. तेवढ्यात तेल्हाऱ्याहून एक बाई आल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाची सीडी तयार होत होती. सोबत धाकटी मुलगी होती. मी दोघींना पडद्यासमोर बसवलं. पाकळ्या पडत होत्या. बाई पुढं झुकून पाहत राहिल्या.

"हे फुलं बाजूले कर वं बाई. माह्या पोरीचं तोंडच दिसून नाई राहिलं."

"राहू दे ना आई, सगळ्याइच्या सीडीत असतात," धाकटी म्हणाली.

"सगळ्याइच्या पोरी नाई पाहाच्या मले."

अक्षता पडताना मुलगी कुणाकडं तरी पाहून हसली होती, तेवढं त्यांना हवं होतं. मी चित्र मागं-पुढं सरकवत गेले. न थिजता ते सरकत होतं, म्हणून ते हसू पटकन सापडलं. जुन्या कार्डावर मी ते अंदाजानं शोधलं असतं, कदाचित कापूनही टाकलं असतं. पाकळ्यांसाठी आणलेल्या कार्डावर मी दुपारभर पाकळ्या काढत बसले. धाकटीसाठी वरातीत थोड्या ठेवल्या.

नंतर अकोल्याला गेलो तेव्हा चाचांनी विचारलं, "ठेवता का देता?"

"देतो," मी म्हटलं.

"ठेवतो," त्याच वेळी हे म्हणाले.

कार्ड शेवटी ठेवलं, आणि ते बरीच वर्षं चाललंही. येताना बसमध्ये यांनी विचारलं, "तू वापस काहून देत होती?"

"ते कामाचं हाय का नाई, मले अजून समजलं नाई."

"मलेबी नाई," हे म्हणाले, आणि शेंगांची पुडी माझ्यापुढं धरली.