पंधराजणींतून तेराजणींत

रग्बी दोन प्रकारची असते हे मी ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात निदान एकदा तरी समजावलं आहे, आणि प्रत्येक घरात पुढचा प्रश्न एकच आला आहे: "हेल्मेट घालतात तीच ना?" नाही हो. हेल्मेटवाले अमेरिकन, त्यांचं त्यांना लखलाभ. आमच्यात एक पंधराजणींची रग्बी आणि एक तेराजणींची. चेंडू तोच लांबट, चिखल तोच, नियम मात्र वेगळे. सांगलीची बाई, राहणार जर्मनीत ब्राउनश्वाइगला, नोकरी वोल्फ्सबुर्गच्या गाड्यांच्या कारखान्यात, ती या दोन्ही खेळली. सांगायला मला काडीची लाज वाटत नाही, उलट कुणी विचारलं नाही तर राग येतो.

मूळ खेळ कबड्डी. कॉलेजात मी चढाईला जायचे. चार-चारजणींनी दाबून धरलं तरी मध्यरेषेला बोट लावून यायचे, त्यासाठीच माझं नाव होतं. पुढे नोकरी, लग्न, व्हिसा, लेक. इथवर गोष्ट आली की ऐकणारे माझ्या सासूबाईंकडे संशयाने बघायला लागतात, म्हणून मुद्दाम सांगते: त्यांनी कधी अडवलं नाही. कऱ्हाडला त्या स्वतः कबड्डीचे सामने बघायला पहिल्या रांगेत बसायच्या. खेळ आपोआप सुटला, आणि त्याचा राग मी बरीच वर्षं भांड्यांवर काढला.

मग इथे कँटीनमध्ये शेजारी बसणाऱ्या एका सहकारिणीने मला पंधराजणींच्या टीममध्ये ओढलं. पहिल्याच मॅचमध्ये माझ्या हाती चेंडू आला. मी जीव खाऊन पळाले, समोरच्या बाईला हात लागला, आणि ती बाद झाली असं समजून गर्रकन वळून आपल्या हद्दीकडे धावत सुटले. तोंडाने कबड्डी कबड्डी चालूच. आमच्या मुली तोंडाचा आ वासून बघत राहिल्या. समोरच्या चक्क बाजूला झाल्या, त्यांना वाटलं हा काहीतरी मोठा डाव असणार. मॅचनंतर सगळ्या इतक्या हसल्या की मलाही हसू आलं, आणि तिथून पुढे सहा वर्षं मी त्या टीमची झाले.

सहा वर्षांनी टीमच उरली नाही. शिकणाऱ्या मुली शिकून गेल्या, दोघींना बाळं झाली, एकीने गुडघा मोडून घेतला. पंधराजणी जमेनात. जवळपास बायकांची दुसरी टीम होती ती तेराजणींची. तिथली ट्रेनरिन, म्हणजे शिकवणारी, पेशाने बालवाडीची बाई, खांदे मात्र कपाटाएवढे. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सांगितलं, तीन आठवडे ट्रेनिंगला ये, मग एक सरावाची मॅच खेळ, मग बघू तुझा श्पीलरपास काढायचा का. हा पास म्हणजे खेळाडूचं ओळखपत्र. तो नसेल तर खऱ्या मॅचमध्ये कुणी उभंही करत नाही.

मी छत्तीस वर्षांची. इथे जमलं नाही तर माझं खेळणं कायमचं संपलं, हे मला लख्ख दिसत होतं. कबड्डी एकदा सुटली होती, तेव्हा कळलंच नव्हतं. या वेळी कळत होतं, आणि भीती वाटत होती.

घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. पंधराजणींत तुम्हाला पकडून खाली पाडलं की चेंडू ताबडतोब सोडायचा. नाही सोडला तर शिट्टी. तेराजणींत बरोबर उलटं. पाडलं तरी चेंडू छातीशी धरून ठेवायचा, उठायचं, तो जमिनीवर ठेवून पायाने मागे सारायचा, मग मागची मुलगी तो उचलते. ऐकायला सोपं. पण सहा वर्षं अंगवळणी पडलेलं शरीराला कोण समजावणार? पाठ जमिनीला टेकली की माझे हात आपोआप उघडायचे आणि चेंडू घरंगळत समोरच्या टीमच्या पायाशी. ट्रेनरिन दर वेळी बालवाडीतल्या आवाजात म्हणायची, "फेस्टहाल्टन." घट्ट धर. मी म्हणायचे, "जा, जा, गेनाऊ." म्हणजे हो, हो, अगदी. आणि पुढच्या वेळी पुन्हा सोडायचे. जित्याची खोड, दुसरं काय.

त्या दिवसांत सासूबाई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. रात्री जेवताना मी नवऱ्यापुढे रडगाणं लावलं होतं, तो "हं, हं" करत आमटी भुरकत होता. सासूबाईंनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे धरलं की सोडायचं नाही, एवढंच ना? यात काय मोठंसं?"

"अहो आई, हात ऐकत नाहीत."

"हातांचं बघते मी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पोह्यांची ताटली घेऊन स्वयंपाकघरातून निघाले, तर दाराआडून येऊन त्यांनी मागून कमरेला अशी मिठी मारली की माझा श्वासच अडकला. हात उघडले. पोहे गालिचावर. लेक सोफ्यावर उभी राहून टाळ्या पिटत जर्मनमध्ये ओरडली, "मामा, लॉसगेलासन!" मामा म्हणजे इथे आई, आणि आईने सोडलं म्हणून हा आनंद. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सोडलेसच की. भर आता."

मग काय, घरात सोय राहिली नाही. कपड्यांची बादली नेताना, कणकेचा डबा उतरवताना, लॅपटॉप घेऊन मीटिंगला बसताना, त्या कुठूनही येऊन धरायच्या. अडुसष्ट वर्षांची बाई, पण पकड बघाल तर पोलादी. लॅपटॉपच्या वेळी मी खरोखर चिडले. "अहो आई, कंपनीचा आहे तो." तर म्हणे, "मग सोडू नकोस." वर मलाच शहाणपण. नवरा आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसत होता, त्याला मी नंतर बघून घेतलं.

रविवारी दुपारी आम्ही हॉलमध्ये गालिचा गुंडाळून रीतसर सराव सुरू केला. त्यांनी पाडायचं, मी उशी छातीशी धरून उठायचं. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. रविवार, त्यात दुपारची रूहेत्साइट, म्हणजे इमारतीत टाचणी पडायची नाही अशी वेळ. नवऱ्याने दार उघडलं, तर आजोबांना दिसलं ते असं: मी जमिनीवर पालथी, आणि माझ्या पाठीवर गाऊन घातलेल्या सासूबाई. आजोबांनी "आल्झो...", म्हणजे "तर मग...", असं दोनदा म्हणून बघितलं. शेवटी सांगून गेले की मागच्या अंगणात गवत मऊ आहे, पण तीननंतर. बरोबर तीनला आम्ही अंगणात होतो. आजोबाही खुर्ची घेऊन येऊन बसले.

तिसऱ्या आठवड्यात माझे हात ऐकायला लागले. दहातल्या आठ वेळा. उरलेल्या दोन वेळांनी माझी झोप उडवली होती.

मॅच शनिवारी होती. सासूबाई नवऱ्याचा जाड कोट घालून, चहाचा थर्मास घेऊन मैदानाच्या कडेला बसल्या. पहिल्या डावात मी एकदा चेंडू सोडला. ट्रेनरिनने वहीत खूण केली, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यानंतर मी सोडला नाही. तरी मनात तेच घोळत होतं, बाई, एकदा पुरेसं असतं.

खेळ संपत आला तेव्हा गुण बरोबरीत होते. मला चेंडू मिळाला, दोघींच्या मधून निसटले, आणि शेवटच्या रेषेच्या हातभर अलीकडे तिघींनी मला खाली घेतलं. चेंडू धरलेला हात जमिनीला टेकला. पांढरी रेषा नाकासमोर. कबड्डीत मी हात टाकला असता. पंधराजणींतही टाकला असता, तिथे पडल्यावर लगेच हात पुढे करून गुण घेता येतो. तेराजणींत तो हात टेकला की तुमचं संपलं, त्यानंतर चेंडू पुढे सरकवला तर तो दुसऱ्या टीमला.

"हात टाक गं!" सासूबाई कडेवरून ओरडल्या.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांचं ऐकावंसं इतकं कधीच वाटलं नव्हतं. सगळं अंग पुढे ओढत होतं. मी नाही टाकला. चेंडू छातीशी धरून उठले, जमिनीवर ठेवला, पायाने मागे सारला. मागच्या मुलीने तो उचलला, माझ्या बगलेखालून झेप घेतली आणि रेषेपलीकडे टेकवला. सगळ्याजणी तिच्या अंगावर पडल्या. मी बाजूला उभी.

सासूबाई रागावून आल्या. "हातभर तर राहिलं होतं. तोंडचा घास दुसरीला दिलास."

"नियम नाही तसा, आई."

"असले कसले मेले नियम."

तेवढ्यात ट्रेनरिन आली. मैदानावर खुणेला ठेवलेले शंकू गोळा करून एका हातात धरले होते. म्हणाली, "आल्झो, मंगळवारी येताना पासफोटो आण." आणि उरलेले शंकू उचलायला निघून गेली. शाबासकी नाही, खांद्यावर थाप नाही, काही नाही.

मी तिथेच चिखलात बसले.

"काय म्हणाली ती?" सासूबाईंचा चेहरा उतरला. "नको म्हणाली का?"

"फोटो मागितला."

"कशाला?"

"पासवर लावायला. खेळायचा पास." एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. कबड्डी सुटली तेव्हाही मी रडले नव्हते. तेव्हाचं, आत्ताचं, सगळं एकदम आलं. सासूबाई गुडघे धरत माझ्या शेजारी चिखलात बसल्या, कोट खराब होतोय याचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "चल ऊठ. फोटो आजच काढू. मंगळवारपर्यंत त्या बाईचा विचार बदलला तर काय घ्या."

स्टेशनावरच्या फोटोच्या मशीनमध्ये आम्ही तशाच गेलो. माझ्या कपाळावर चिखल होता, त्यांनी पदराने पुसायला घेतला, तर मी नको म्हटलं. जर्मनीतल्या माझ्या बाकी सगळ्या कागदांवर मी चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. या एका फोटोत मी हसते आहे.