हवालदार घाडगेंचा कान

माझी पोस्टिंग कुलाब्याला, लष्कराच्या इंजिनियर कंपनीत होती. तासगावात शिकलेला, घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. मुंबईत येऊन तीन महिने झाले असतील. एका सकाळी सहाला माझगावात चार मजली चाळ कोसळली. सव्वासातला आमचा कॉलम, म्हणजे बचावाची तुकडी, तिथे पोहोचला.

हवालदार घाडगे आमचे उस्ताद. ढिगाऱ्याला कान लावून खालची हालचाल ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते झोपले नव्हते. इन्स्टंट कॉफीच्या पुड्या ते कोरड्याच जिभेवर टाकत. त्यावर गल्लीतून येणारा चहा. मी एकदा बास म्हणालो.

"तू ग्रॅज्युएट आहेस, डॉक्टर नाहीस," ते हसले.

दोनला शिट्टी झाली. शिट्टी म्हणजे सायलेन्स. मशीन बंद, बोलणं बंद. उस्तादांनी जिन्याच्या उजवीकडे कान लावला. ठोके येताहेत, इथेच खणा, म्हणाले. आम्ही चाळीस मिनिटं हातांनी खणलं. ठोके त्यांच्याशिवाय कोणालाच ऐकू येत नव्हते. मग ते उठून उभे राहिले. ठोके तरीही चालूच, म्हणाले. त्यांनी थरथरती बोटं मानेवर ठेवली.

रेडिओवर कंपनी कमांडरने स्थिती विचारली.

"सर, चूक माझी. मी माझंच काळीज ऐकत होतो. कान बदलतोय. ओव्हर."

वीस वर्षं नोकरी झालेला माणूस हे सगळ्या सेक्शनसमोर बोलला. मला अजून त्याचं नवल वाटतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉफी पीत नाहीस. तू ऐक."

मी डावीकडे, मोरीच्या बाजूला सरकलो. खालून तीन ठोके आले. थांबून पुन्हा तीन. पाच पन्नासला सुलोचनाबाई जिवंत बाहेर आल्या. त्या शिवणकाम करायच्या. हातातल्या कात्रीने पाइप वाजवत होत्या.

उस्तादांची नाडी दीडशेवर होती, मधेच ठोका चुकत होता. आमचे डॉक्टर मेजर म्हणाले, "कॅफीन थकवा घालवत नाही, लपवतं. अती झालं की छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते."

दोन वर्षांनी काश्मीरमध्ये सुरुंग निकामी करताना उस्ताद गेले. त्यांचं सामान मी बांधलं. त्यात कॉफीची एकही पुडी नव्हती.

सुलोचनाबाईंना मीच फोन केला. उस्ताद गेल्याचं सांगितलं. मग पलीकडून कात्रीचे तीन ठोके आले.