संशयित इसम, सायकलीसह

"श्री. गोपीचंद सीताराम मारबते, वय अंदाजे अठ्ठावन्न, धंदा तलावाची राखण, बांधा मध्यम, ओळखीची खूण डाव्या कानामागे बिडी, यांनी संस्थेच्या मत्स्यसंपत्तीच्या रक्षणार्थ, स्वतःच्या प्राणांची तमा न बाळगता, अथांग जलाशयात झेप घेऊन एका संशयित इसमास पिशवीसह भर पाण्यात पकडले. सदर इसमाची सायकलही आढळून आली. सबब संस्था त्यांचा यथोचित गौरव करीत आहे."

हे मानपत्र लॅमिनेट करून गोपीचंदच्या घरात टीव्हीच्या वर लावलेलं आहे. गाव अड्याळपासून फार लांब नाही. पाहुणा आला की गोपीचंद त्याच्याकडे बघत नाही, आणि पाहुणा दुसरीकडे बघत असला की खाकरतो.

गोपीचंदचा स्वभाव संशयी, हे गाव सांगतं. पण ते तितकंसं न्यायाचं नाही. न्हाव्याच्या हातात वस्तरा असावा तसा त्याच्याकडे संशय होता; धंद्याचं हत्यार. मच्छिमार संस्थेचा राखणदार म्हणून तो पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, काठी घेऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर संशय घ्यायचा. बगळ्यांवरही त्याचा विश्वास नव्हता. पण बगळ्याला सभेत उभं करता येत नाही. भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा चांगले तलाव मुद्दाम तिकडे देण्यात आले, असं तो अजून म्हणतो. तलाव जागचे हलत नाहीत, हा मुद्दा त्याला पटलेला नाही.

तो स्वतः पाण्यात कधी उतरत नसे. "राखनदाराची जागा पारीवर," असं म्हणायचा. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, घरात जन्मलेल्या माणसाला पोहता येतं का, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. कोंबडीला अंडं देता येतं का, असं विचारल्यासारखं होईल ते.

त्या वर्षी जाळं टाकलं तर रोहू-कतला निम्मेच निघाले. संस्थेचे अध्यक्ष मारोतराव यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "गोपीचंद, मासे आपल्या पायानं तं गेले नाई. मे महिन्याच्या सभेत चोर दाखव, नाई तं काठी जमा कर."

काठी जमा करून गोपीचंद काय करणार होता? घरात बायको शकुनबाई. ती अड्याळच्या बाजारात मासे विकायची आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा नवऱ्याला बोलायची. पाळीवर निदान बगळे उलट बोलत नव्हते.

आणि मग एका सकाळी तलावाच्या मधोमध त्याला एक डोकं दिसलं. डोक्यामागे पाण्यावर एक नारिंगी पिशवी चालली होती. पिशवी कमरेला दोरीने बांधलेली. डोकं काठाला आलं, त्याखाली एक बाई निघाली. पिशवी सोडून तिने पायात जोडे घातले, ओल्या अंगानेच सायकलवर बसली आणि सुसाट निघाली. उन्हं वर आल्यावर पाहतो तर सायकल कडुलिंबाला टेकवलेली आणि बाई रस्त्याने पळत सुटलेली.

आता हा क्रम कोणीही शांत डोक्याने पाहावा. आधी पाण्यात. मग सायकलवर. मग पळ. गोपीचंदने आजवर पकडलेल्या प्रत्येक चोराने नेमकं हेच केलं होतं, फक्त त्यांच्याकडे इतकी चांगली सायकल नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो काठावरच आडवा उभा राहिला. जवळून पाहिलं तर ती दवाखान्याची सिस्टर, रश्मी. भंडाऱ्याहून नुकतीच बदलून आलेली. गेल्याच महिन्यात तिने त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं. त्यामुळे संशयाला थोडी जुनी कळही होती.

"पिशवीत काय हाय, सिस्टर?"

"हवा."

"हवा? हवा भरून कायले नेते कोनी?"

"दम लागला तर धरायला, काकाजी. अन् दुरून दिसावं म्हणून."

दुरून दिसायची इच्छा असलेला चोर गोपीचंदच्या पाहण्यात नव्हता. पिशवी हाताने दाबून पाहिली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण आत हवाच निघाली असती तर त्याच्याकडे चोर उरला नसता, आणि सभा पंधरवड्यावर आली होती. त्याने पिशवीला हात लावला नाही. चौकशी सुरू ठेवली.

"हे सगळं तुमाले शिकवलं कोन?"

रश्मीने सायकलच्या पिशवीतून मोबाइल काढला. पडद्यावर एक बाई समुद्रातून निघून धावत होती. "ही सोलेदाद. स्पेनची. पोहते, मग सायकल, मग पळणं, एकामागून एक. ट्रायथलॉन म्हणतात. जगात पहिली आली होती. हिचं पाहूनच मी करते. पावसाळ्यानंतर नागपुरात स्पर्धा आहे."

"तिच्या मांगं कोन लागलं होतं?"

"कोणीच नाही."

"मंग पळते काहून?"

रश्मीने मोबाइल परत सायकलच्या पिशवीत ठेवला. खरं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर अजून कोणीच नीट दिलेलं नाही.

लाखनीला पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं गोपीचंदने पाहिली होती. ती नोकरीसाठी पळतात, नोकरी लागली की थांबतात आणि पोट सोडतात. ते समजण्यासारखं होतं. हे प्रकरण वेगळं होतं. ज्या बाईच्या नावावर हे चाललं होतं तिची आधी माहिती काढली पाहिजे, असं त्याने ठरवलं. त्या दिवसापासून रोज सकाळी, रश्मी जोडे घालेपर्यंत, स्पेनच्या सोलेदादची चौकशी पाळीवर सुरू झाली. तिचं नाव त्याने सोयीसाठी सोलेबाई केलं.

"बाप काय करते तिचा?"

"मासे पकडतो. समुद्रात."

गोपीचंदने बिडी कानामागून काढली. "कोनाच्या ठेक्यात?"

"समुद्राचा ठेका नसतो, काकाजी."

"असं ते सांगते."

पुढे कळलं की लहानपणी सोलेबाई बापाचे मासे सायकलवरून घरोघर पोहोचवायची. पाणी, मासे, सायकल. तिन्ही गोष्टी जुळल्या. ते ऐकून गोपीचंदला इतकं समाधान झालं की त्या दिवशी त्याने रश्मीला सायकल धरून दिली.

सोलेबाई सोळाव्या वर्षी पोहण्याच्या संघातून काढली गेली. उंची कमी पडली. मग ती तिन्ही खेळांत एकदम घुसली. देशात पहिली आली, पुढे जगात दोनदा पहिली. त्यानंतर एक अख्खं वर्ष तिचा पत्ता नाही.

"कोठी गेली होती?"

"ओल्या रस्त्यावर सायकल घसरली. गळ्याजवळचं हाड मोडलं."

"कोन पाह्यलं?"

"एक्स-रे आहे ना!"

"एक्स-रेवर नाव लिवता येते, सिस्टर. तुमाले मी काय सांगू?"

हाड जुळल्यावर ती परत आली आणि तिसऱ्यांदा जिंकली. एका शर्यतीत मात्र पोहून आल्यावर घाईत तिची टोपी सामान ठेवायच्या पेटीबाहेर पडली, तो नियमभंग ठरला, आणि शिट्टी वाजवून तिला बाजूला उभं केलं गेलं. जिंकणारी बाई चौथी आली. हा प्रसंग गोपीचंदने तीनदा पाहायला मागितला. त्याची नजर सोलेबाईवर नव्हती. कडेला शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या टकल्या माणसावर होती.

"हा कोन?"

"पंच."

"राखनदार म्हना," गोपीचंद म्हणाला. "याचं पानी चांगलं हाय. जगजेतीले सोडलं नाई. याले तं नाई काढत कोनी?"

घरी शकुनबाई हे सगळं ऐकत होती. "तुमी चोर पकडून रायले का सोयरीक जुरवून रायले? बापाचं झालं, हाडाचं झालं. आता पोरीची पत्रिका मांगा."

"तपास हाय हा."

"तपासात चोर सापडते. तुमाले तं नातेवाईक सापडून रायले."

सभेला तीन दिवस राहिले तेव्हा रश्मीने सोलेबाईची शेवटची बातमी सांगितली. ती खेळातून थांबली होती.

"कोन काढलं तिले?"

"कोणी नाही. स्वतः थांबली."

गोपीचंदने काठी जवळ ओढली. "सोता कोनी थांबत नाई, सिस्टर. तिच्यावर सभा बसली असन."

दुसऱ्या दिवशी तो रश्मीच्या आधीच तलावावर आला आणि आयुष्यात न केलेली गोष्ट त्याने केली. काठाला बांधलेला डोंगा सोडून त्यात बसला. पिशवी पाण्यातच पकडायची, आत मासा असेल-नसेल, निदान 'भर पाण्यात पकडली' असं सभेत सांगता येईल, असा त्याचा हिशेब होता. तलावाच्या एका कडेला तुडूम होतं, म्हणजे कालव्यात पाणी सोडायचं तोंड. त्या बाजूने रश्मी काठाकडे परतत होती. डोंगा जवळ आला. गोपीचंद वाकला, नारिंगी पिशवीवर त्याने झडप घातली, आणि डोंग्याने त्याला सोडून दिलं.

पुढचं त्याला नीट आठवत नाही. डोळे गच्च मिटलेले, तोंडात पाणी, दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरलेली. रश्मी काहीतरी सांगत होती. "काकाजी, ऐका तर..." ती म्हणायची, आणि तो "मेलो!" म्हणायचा. ती पुन्हा "काकाजी, अहो..." म्हणायची, आणि तो शकुनबाईला हाक मारायचा. पिशवी मात्र बुडत नव्हती. आत हवा आहे याची त्याला त्या क्षणी पुरती खात्री पटली, आणि संशय खोटा निघाल्याचा आनंद त्याला आयुष्यात पहिल्यांदाच झाला. शेवटी रश्मीने बोलणं सोडलं, दोरी धरली आणि त्याला पिशवीसकट ओढत काठावर आणून टाकलं. साक्षीला काठावरची एक म्हैस होती. ती रवंथ करत होती.

श्वास जाग्यावर आल्यावर रश्मी म्हणाली, "काकाजी, तुम्हाला पोहता येत नाही?"

"गावात सांगू नका."

"नाही सांगत. पण एक विचारायचंच होतं. तुडुमाच्या तोंडाची जाळी फाटली आहे. काल माझा पाय अडकला त्यात. एवढं भोक आहे की माझी पिशवी जाईल. कोणी पाहत नाही का?"

पाहायचं काम गोपीचंदचं होतं. पण ते पाण्यात उतरून पाहावं लागतं.

तो ओल्या धोतरानेच कालव्याकडे निघाला. उन्हाळी धानाला पाणी चालू होतं. कालव्यावरचं पहिलं शेत मारोतरावांचं. धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, पाणी आत घेण्याची वाट होती, आणि त्या वाटेवर बांबूची सापळी व्यवस्थित बसवलेली होती. सापळीत चार रोहू होते. गोपीचंदने त्यांना ओळखलं नाही, पण ते त्याच्या ओळखीचे होते.

मारोतराव जेवायला बसले होते. घरभर रश्शाचा वास. गोपीचंद ओट्यावर टेकला.

"जारी फाटली हाय, अध्यक्षसाहेब. तुडुमाची."

मारोतरावांचा घास थांबला. "जारी पाहाची जिम्मेदारी कोनाची?"

"माही."

"हं."

"अन् पयला धुरा कोनाचा?"

मारोतरावांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. दोघेही एकमेकांकडे पाहत होते, आणि दोघांचेही संशय, त्या गावात पहिल्यांदाच, शंभर टक्के खरे होते.

"सभेत चोर तं दाखवाच लागन," मारोतराव सावकाश म्हणाले. "लोक इचारतीन."

"पकडलो ना. सकारी. पानीत जाऊन पकडलो."

"कोन?"

"इसम."

मारोतरावांनी मान हलवली. "इसम चांगला हाय," ते म्हणाले, आणि आत हाक मारली, "गोपीचंदभाऊले वाढा."

संध्याकाळी गोपीचंद दवाखान्यात गेला. सगळं ऐकून रश्मी आधी चिडली, मग हसली. "म्हणजे मी इसम?"

"नाव कोठीच नाई येत, सिस्टर. सायकल येते फक्त. सायकलीचं नाव कोन इचारते?"

"एका अटीवर. आधी नवीन जाळी बसवा. अन् मी पोहायला आले की वाटेत उभं राहायचं नाही."

जाळी सभेच्या आदल्या दिवशी बसली. मारोतरावांची सापळी त्याच रात्री गेली. ती कोणी नेली याचा तपास संस्थेने केला नाही. सभेत टाळ्या पडल्या, मानपत्र वाचलं गेलं, शकुनबाईने 'झेप' या शब्दाला पदराआड तोंड लपवलं. काठी गोपीचंदकडेच राहिली.

नागपूरच्या स्पर्धेत रश्मी शेवटून तिसरी आली आणि खूश होऊन परतली. आता ती पोहून निघते तेव्हा पाळीवर गोपीचंद उभा असतो. गळ्यात बाजारातून आणलेली शिट्टी. घाईत तिची टोपी खाली पडली की तो शिट्टी वाजवतो आणि तिला थांबवून ठेवतो. ती रागावली तर म्हणतो, "सोलेबाईले थांबवलं होतं. तुमी कोन?"

मानपत्रात बदल करावा असं त्याला कधी वाटलेलं नाही. त्या सकाळी रश्मी त्याला काय सांगायचा प्रयत्न करत होती, तेही त्याने विचारलेलं नाही. मे महिन्यात त्या जागी पाणी कमरेपर्यंत असतं.