लायसन्सला वाहिलेला झेंडू

गाडी सोडलेल्या माणसाने लायसन्स कशाला जपायचं, सांगा बरं? धूर नको म्हणून आम्ही गाडी विकली आणि मी 'गाड्या सोडा'ची पत्रकं वाटू लागले, त्या दसऱ्याला आईने पूजेच्या पाटावर माझं लायसन्सच ठेवलं. कुंकू लावून झेंडू वाहिला. फोटोतली मी वारलेल्या माणसासारखी बघत होते.

"आई, फोटोला फूल काय वाहतेस? जिवंत आहे मी!"

"आहेस गं. पण मला पुन्हा छातीत दुखलं, तर शेजाऱ्यांची गाडी कोण चालवणार? तुझी 'गाड्या सोडा'ची पत्रकं?"

माझा उजवा पाय आपोआप फरशीवर ब्रेक दाबत होता.

गाडी पुन्हा घेणार नाही. लायसन्सची मुदत मात्र वाढवून आणली. तुम्हीही गाडी सोडा, लायसन्स ठेवा, आणि शेजारच्या आजारी माणसाला आजच सांगून या, "हाक मारा, मी चालवीन."