काकूंचा पालथा हात

काकू कुणाच्याही खोलीत आल्या की आधी माणसाकडे बघत नसत, रेडिएटरकडे जात. खिडकीखालच्या त्या लोखंडी धुडावर हाताची पालथी बाजू ठेवायच्या, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावी तशी. समाधान झालं की वळून विचारायच्या, "जेवलीस का?"

मिशिगनमधल्या ट्रॉयजवळ त्यांचं जुनं घर होतं. वरची खोली भाड्याने घेऊन मी तिथे मास्टर्स केलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील एसटी डेपोत मेकॅनिक, आई अंगणवाडीत मदतनीस. हे मी कुणी न विचारताच सांगते, काकूंनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. आता ती खिडकी लाव. बाहेरच्या मिशिगनला तापवून राहिली का?"

काकू नागपूरच्या. लग्नाआधी तिथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या आणि तो वर्ग त्यांनी पुढे कधी सोडलाच नाही. तळघरात बॉयलर होता. त्याचं गरम पाणी घरभरच्या रेडिएटरमधून फिरायचं. खालच्या हॉलच्या भिंतीवर थर्मोस्टॅट होता. हॉल पुरेसा तापला की तो बॉयलर थांबवायचा. पहिल्याच थंडीत मी गारठून घरी आले आणि त्याचा काटा सरळ ऐंशी फॅरनहाइटवर नेला. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "तो ॲक्सिलरेटर नाही, बापा! ऐंशीवर ठेवला म्हणून घर लवकर तापत नाही. विसरलीस तं उकडून मात्र मरशील." काटा पुन्हा अडुसष्टवर आला. तो थर्मोस्टॅट दिवंगत काकांनी स्वतः जागा बघून लावला होता. भिंत रंगवतानासुद्धा काकूंनी तो काढू दिला नव्हता.

खोल्यांमधल्या रेडिएटरना आकड्यांचे वॉल्व्ह होते, ज्याच्या त्याच्या खोलीला हवी तेवढीच ऊब देणारे. फक्त हॉलमधल्या रेडिएटरला तसला वॉल्व्ह नव्हता. "थर्मोस्टॅट आहे तिथे वॉल्व्ह कशाला? एका खोलीत दोन मालक नको," असं काकूंचं म्हणणं. माझा वॉल्व्ह त्या दोनाच्या वर जाऊ देत नसत, अभ्यास करणाऱ्याला जास्त ऊब दिली की झोप येते म्हणून. एकदा माझी खोली गारच राहिली. काकू आल्या, वॉल्व्हवर पडलेला पडदा उचलला आणि म्हणाल्या, "पडद्याआड याला उकडून राहिलं. याला वाटते, खोली तापली. म्हणून बंद होऊन बसला बिचारा."

डिसेंबरात माझा पदवीदान समारंभ होता. त्यासाठी आई आली. पहिल्यांदाच विमानात बसलेली, पिशवीत देव आणि काचेच्या चिमणीचा दिवा घेऊन. मला पदवी मिळेपर्यंत अखंड दिवा लावायचा, असं तिने ठरवलं होतं. काकूंनी हॉलमधलं शेल्फ रिकामं करून दिलं. "इथे ठेवा ताई, वारा लागत नाही."

दोन दिवसांत घर गार पडलं. थर्मोस्टॅट सांगत होता, घर छान उबदार आहे. काकूंचा हात सांगत होता, रेडिएटर थंडगार. "हा आकडा खोटं बोलून राहिला," म्हणत काकूंनी छोट्या चावीने रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढली, बॉयलरवाल्याला बोलावलं. बॉयलर ठणठणीत होता. आईचे गुडघे मात्र धरले. तिसऱ्या सकाळी दोन रजया पांघरून ती म्हणाली, "मला परत धाड बाई. तुझी पदवी मी फोटोत बघीन. दिवा तेवढा तू सांभाळ."

ज्या माणसाने ही पदवी बघावी म्हणून मी ती घेत होते, तेच माणूस परत जायचं म्हणत होतं.

त्या संध्याकाळी आई दिव्यात तेल घालत होती. मागे काकू हात जोडून उभ्या होत्या, पण डोळे उघडे, आणि नजर दिव्याच्या वर. पुढे होऊन त्यांनी थर्मोस्टॅटला पालथा हात लावला. मग मला स्वयंपाकघरात ओढलं.

"मीच बैल आहे गं! दिव्याची गरम हवा सरळ थर्मोस्टॅटला लागून राहिली. त्याला वाटते घर तापलं. तो बॉयलर पेटूच देत नाही."

"मग दिवा हलवू. मी सांगते आईला."

"खबरदार! तिच्या दिव्यामुळे आपण सगळे गारठलो, हे कळलं तं जन्मभर मनाला लावून घेईल. लेकीसाठी लावलेला दिवा हलवत नाहीत. मशीन हलवतात."

दुसऱ्याच दिवशी एक माणूस येऊन काकांचा थर्मोस्टॅट काढून गेला. काकू तेवढा वेळ पोळ्या लाटत राहिल्या. भिंतीवर जुन्या रंगाचा एक चौकोन उरला. नवा थर्मोस्टॅट बिनवायरीचा होता. काकूंनी तो आईच्या खोलीत टेबलावर ठेवला, तिथला वॉल्व्ह पूर्ण उघडला आणि म्हणाल्या, "ताई, जुना म्हातारा झाला होता. आता या घराच्या मालक तुम्ही."

दुपारपर्यंत आईने एक रजई काढली, रात्री दुसरी. घर आधी कधी नव्हतं तेवढं उबदार झालं.

समारंभाला आई लग्नातला शालू नेसून, वरून काकूंचा कोट घालून बसली होती. माझं नाव पुकारलं तेव्हा उभी राहून टाळ्या वाजवणाऱ्या त्या दोघीच. मागच्या लोकांना दिसेना, तरी बसल्या नाहीत.

पुढे काकू घर विकून मुलाकडे, उकाड्याच्या प्लेनोला गेल्या. आता त्या एसीच्या मागे लागल्या आहेत, असं मुलगा सांगतो. मी नोकरीच्या गावी, मॉरिसव्हिलला घर घेतलं. इथे रेडिएटर नाहीत, जमिनीतल्या जाळीतून गरम हवा येते. या थंडीत आई आली तेव्हा तिच्या खोलीत शिरून मी आधी जाळीवर पालथा हात धरला आणि मग विचारलं, "जेवलीस का?"

आई शेजारच्या मराठी बायकांना रंगवून सांगत होती, "घर नुसतं बर्फ झालं होतं. पण मी दिवा इझू दिला नाही. आन् दिव्याच्या पुण्याईनं सगळं घर गरम झालं!"

मी हसत हसत काकूंना फोन लावला, म्हटलं, आता तरी खरं सांगू का?

"अगं, खोटं काय आहे त्यात?" काकू म्हणाल्या. "तो दिवा नसता तं मी ह्यांचा थर्मोस्टॅट कधी हलवला असता का?"