टाके कुठे गेले?

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसणारच आहात तुम्ही; निदान तोंडातला चहा आधी गिळा!

मार्केट यार्डात माझं गुळाचं दुकान. शेजारचा गाळा सलीमचा, कांदा-बटाट्याचा. मध्यंतरी सलीमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "औषधाइतकीच झोप महत्त्वाची. झोपेतच शरीर भरून येतं. भेटायला येणाऱ्यांनी यांना उठवायचं नाही!"

आता अख्खं यार्ड भेटायला येणार! मग राखणीला कोण? अर्थात मी! सलीमच्या बायकोला, नसीमवहिनींना, छाती ठोकून म्हटलं, "वहिनी, तुम्ही घरी जाऊन जरा आडव्या व्हा. मी असताना इथे माशीसुद्धा घोंगावणार नाही."

दुपारी सलीम उठला. थोडं चालायलाही सांगितलं होतं, म्हणून हळूहळू व्हरांड्यात फेरी मारायला गेला. मी स्टुलावर. स्टूल कसलं हो, शिक्षाच ती! त्यात आम्ही यार्डातली माणसं, पहाटे अंधारात उठणारी. समोर रिकामी खाट, वर पंखा. म्हटलं, हा येईपर्यंत नुसती पाठ टेकू. खिडकीतला उजेड डोळ्यांवर येत होता, म्हणून चादर तोंडावर ओढली.

बस्स! पुढचं सगळं मला सलीमने सांगितलंय.

तो परत आला, तर दारात नवी सिस्टर. ड्यूटी नुकतीच बदललेली.

"काका, आत जायचं नाही. पेशंट झोपलेत."

"अहो, पेशंट मी आहे!"

"हळू बोला! तिकडे पेशंट घोरतोय आणि तुम्ही इथे उभे राहून भांडताय. आजारी कोण आहे, ते कळतं मला."

बिचारा पोट धरून बाहेरच्या बाकावर बसला. हसावं तर टाके ओढतात, ओरडावं तर सिस्टर डोळे वटारते!

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर राउंडला आले. सिस्टर कौतुकाने म्हणाली, "सर, फार छान झोप लागलीय यांना."

"उठवू नका. मी नुसती जखम बघतो."

त्यांनी अलगद माझा शर्ट वर केला. पोट पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"सिस्टर... टाके कुठे गेले?"

तो गार हात पोटाला लागला मात्र, मी ताडकन उठून बसलो आणि ओरडलो, "गूळ संपला! उद्या या!"

अख्खा वॉर्ड जागा झाला. ज्यांना झोपेचं इंजेक्शन दिलं होतं, तेसुद्धा!

नेमक्या त्याच वेळी वहिनी डबा घेऊन आल्या. सिस्टरने सगळी कहाणी सांगितली. वहिनींनी आधी डबा खाली ठेवला. सलीमला आधार देऊन आत आणलं, खाटेवर निजवलं, पांघरूण घातलं. मग शांतपणे माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, उद्याही येणार ना?"

"हो, म्हणजे... येतो की."

"मग आत्ताच सांगा. तुमच्यापाशी कोणाला बसवू?"