फुग्यातून फुगा वजा

आपल्या आकाशगंगेच्या मध्यातून गॅमा किरणांचे दोन अवाढव्य फुगे वर आणि खाली निघालेले आहेत. त्यातला एक मी सपशेल वजा करून टाकला.

आमच्या दुर्बिणी परदेशातल्या एका डोंगरावर आहेत. गॅमा किरण हवेत आदळले की क्षणभर निळसर चमक होते, ती आरशांत पकडायची. मग शेजारच्या रिकाम्या आकाशातली चमक मोजून ती वजा करायची. उरेल ते खरं. मी निवडलेलं रिकामं आकाश नेमकं फुग्याच्याच पोटात होतं. हाती शून्य आलं, आणि आठवडाभर मी त्या शून्याचं कौतुक करत बसलो.

चूक सापडली तेव्हा पोळा चार दिवसांवर होता आणि गावी, तामसीला जायचं तिकीट खिशात. सगळं गणित पुन्हा मांडायचं म्हणून ते रद्द केलं. याआधीचे तीन पोळेही असेच गेले होते. शिंगांना लावायच्या रंगाचा वास मला त्या डोंगरावर काही कारण नसताना यायचा.

आईला फोन केला. "फुगा इतका मोठा होता आई, का मले दिसलाच नाही."

"मंग आता?"

"परत मोजतो. पुढच्या वर्सी नक्की येतो."

पलीकडे बाबा बैल धूत होते. पाण्याचा आवाज येत होता. आई त्यांना ओरडून म्हणाली, "नाही येत म्हणते तुमचा पोरगा!" मग मला म्हणाली, "तुह्यापक्षा बैल बरा रे. मोकळा सोडला तरी सांजच्याले बरोबर घरी येते."